बोटीचं बूच

बोटीचं बूच मी काढलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजी माझ्यावर डोळं वटारायला तुमी मोकळं.

मी जोतीराम. मोटरी भरतो. जेऊर स्टेशनापसनं आमच्या वस्तीपातूर कुणाचीबी पाण्याची मोटर जळली की ती माझ्या शेडात येती. तांब्याच्या तारा गुंडाळण्यात तीस वरसं गेली. पर बोट माझी न्हवं. बोट सुनंची. हेमावती तिचं नाव, माहेर अक्कलकोटाकडलं. रागाला आली की कानडीत सुरू हुती, मग शिव्या देती का देवाचं नाव घेती ते आमाला कळत न्हाय. उजनीच्या पाण्यावर ती ह्या काठाची माणसं त्या काठाला न्हेती. बारा माणसं बसत्यात. शाळंच्या बाई, ब्यांकंत जाणारं म्हातारं, माहेराला निघाल्याल्या पोरी. थंडीत कॅमेरं गळ्यात घालून पक्षी बघायला येणारीबी असत्यात. बोटीच्या मागच्या अंगाला झाकणाखाली दोन डिझेल इंजनं, आन् भाईर पाण्यात सोडल्याली दोन शेपटं. त्याला ड्राईव्ह म्हणत्यात. इंजन आत फिरतंय आन् शेपटाचा पंखा पाण्यात फिरतोय, एवढंच मला कळतं.

माझं पोरगं अभिमन्यू सोलापुरात नोकरीला. जुळे सोलापुरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. त्याचं दोन वरसं एकच टुमणं, बोट बंद कर आन् हितं ऱ्हायला ये. हेमाचं उत्तरबी एकच, तुमी या की हिकडं. मी मधी पडत न्हवतो. पर खरं सांगतो, ती गेली असती तर घर खायला उठलं असतं. माझी बायको बजाबाई आन् मी एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो असतो, आन् बघण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाय.

श्रावणात बोट रंगवायला वर काढली व्हती. तोंड चढाकडं, शेपटं पाण्याकडं, खाली बाभळीचं ओंडकं. सोमवारी हेमानं सगळी बोट आतनं धुतली आन् स्वयपाकाला घरी गेली. मी दिस मावळताना जेऊरहून आलो. बघतो तर मागल्या अंगाला धुण्याचं पाणी तसंच साचल्यालं. आमच्याकडं फायबरच्या होड्या काठावर वढल्या की बुडातलं बूच काढून ठेवत्यात, साचल्यालं पाणी आपसूक निघून जातं. सगळीच करत्यात. मीबी हात घातला, बूच पिळून काढलं आन् बाकड्यावर ठिवलं. सकाळी लावू म्हणलं.

आभाळ कोरडं ठाक व्हतं. पर वर पुण्याकडं घाटात पाऊस पडला, तिकडची धरणं सोडली, की हितं थेंब न पडता पाणी चढतं. आन् काठ आमचा सपाट. ईतभर पाणी वाढलं की पन्नास पावलं रान गिळतं. माझा बाप ह्याच पाण्यामुळं जुन्या गावातनं उठला. म्हंजी मला तर हे कळायलाच पायजे व्हतं का न्हाय?

त्या राती तसंच पाणी चढलं. मंगळवारी सकाळी आमचा शेजारी येडू, मासं धरणारा, काठावरनंच बोंबलत आला. “जोत्या, आरं बोट पाणी प्यायली!”

आमी तिघं पळालो. बोटीचं तोंड वर कोरडं आन् मागलं अंग पाण्यात बसल्यालं, तेबी उजवीकडं कलून. उजवं इंजन पार बुडाल्यालं. डावं निम्मं. झाकणाखाली शेवाळ तरंगत व्हतं आन् एक मासोळी फिरत व्हती.

“बूच कुणी काढलं गं?” बजाबाईनं इचारलं.

हेमा गुडघाभर पाण्यात हुबी. कपाळाला हात लावला. “मीच काढलं असंल, आत्या. धुतल्यावर मीच काढते की. लावायचं इसरले.”

तितं मी बोलायला पायजे व्हतं. तोंड उघडलंबी व्हतं. पर येडू बघायला लागला, बजाबाई बघायला लागली, आन् मी उघडल्या तोंडात तंबाकूची चिमूट टाकली. मग कसं बोलायचं? तुमीच सांगा.

ट्रॅक्टरनं बोट वर वढली. आता बूच नसल्याचा फायदा झाला, निम्मं पाणी त्याच भोकानं निघून गेलं. उरल्यालं आमी बादल्यांनी उपसलं. अकरा वाजता अभिमन्यूचा फोन आला. बजाबाईनं सगळं पुराण त्याला ऐकवलं. त्यानं फोन हेमाला द्यायला सांगितला. त्याचा आवाज मला लांब बसून ऐकायला येत व्हता.

“बारा माणसं बसवतीस आन् एक बूच ध्यानात ऱ्हात न्हाय तुज्या? माणसं आत असती तर?”

“व्हय,” हेमा म्हणली.

“रविवारी येतो मी. बोट चालली तर बघू. न्हाय तर कापडं बांधून ठीव.”

“व्हय,” ती परत म्हणली. ही पोरगी नवऱ्याला दोनदा व्हय म्हणल्याली मी पयल्यांदाच ऐकली.

मग इंजनांवरनं आमची जुंपली. मी म्हणलं, आठ दिस हात लावायचा न्हाय. झाकणं उघडी ठिवायची, ऊन खाऊ द्यायचं. माझ्या शेडात भिजल्याली मोटर आली की मी हेच करतो. वल्ल्या तारांत वीज सोडली की भस्म. हेमानं मालवणच्या गुरु मिस्त्रीला फोन लावला. बोट त्याच्याच हातची, चार वरसामागं त्यानंच इकल्याली. स्पीकरवर टाकला.

“पाणी खारं की गोडं?” गुरुनं इचारलं.

“गोडं. धरणाचं.”

“मग वाचलीस. पण सुकवत बसू नको हां. इंजिनाला हवा लागली की गंज धरणार. ऑईल काढ, नोझल काढ, हातानं फिरवून आतलं पाणी बाहेर काढ, डिझेल ओत आणि आजच्या आज चालू कर. आज म्हणजे आज.”

मी आडवा आलो. “तारा हायत न्हवं आत? स्टार्टर हाय, डायनामा हाय. ते जळंल.”

“ते सोडवून वेगळे सुकवा, काका. मी इंजिनाचं बोलतोय.”

आता हे काय? एकाच डब्यातलं निम्मं सामान सुकवायचं आन् निम्मं सुकवायचं न्हाय. माझं डोकं चालंना. पर डोकं चालत न्हाय हे सुनंपुढं कोण कबूल करतं? मी म्हणलं, “मालवणात बसून त्याला काय कळतंय? पाणी हितलं हाय.”

एरवी हेमानं मला उडवून लावलं असतं. त्या दिवशी तिनं नुसता पदर खोचला. मग म्हणली, “मामा, चूक माझी हाय. मी कोणत्या तोंडानं तुमास्नी न्हाय म्हणू? डावं मी गुरुच्या पद्धतीनं करते. उजव्याचं तुमी म्हणता तसं.”

हे लई वंगाळ झालं. ती माझ्या अकलेपुढं वाकली न्हवती, न केल्याल्या चुकीपुढं वाकली व्हती. आन् मी झाकण उघडं टाकून त्याच्यावर ऊन पडल्यालं बघत बसलो.

डाव्या इंजनाचं बूड तिनं मोकळं केलं. आधी पाणी आलं, मग बजाबाईच्या चहासारखं ऑईल. डिझेल फवारणारी नोझलं काढली. मी इंजनाच्या चाकाला पाना लावून फिरवलं तशी वरच्या भोकातनं पाण्याची चिळकांडी उडाली ती येडूच्या टोपीवर. येडू म्हणला, “इंजन मुतलं की रं!” हेमा एरवी हसली असती. तिनं डिझेल ओतलं, फिरवलं, परत ओतलं. दोन्ही इंजनांचं स्टार्टर आन् डायनामं तेवढं मी शेडात न्हेलं, गोड्या पाण्यानं धुतलं, बल्बाच्या उबंला ठिवलं. ते माझं काम. तितं माझं हात चुकत न्हाईत.

बुधवारी दुपारी स्टार्टर परत बसवून तिनं डाव्या इंजनाची किल्ली फिरवली. खोकलं, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आन् लागलं चालू. तापू नये म्हणून पाईप लावून पाणी दिल्यालं व्हतं. पाव तास चाललं. ऑईल बदललं, परत चालवलं, परत बदललं. तिसऱ्या टायमाला पट्टीवर सोन्यासारखं ऑईल आलं. बजाबाईनं इंजनाला हळदीकुंकू लावलं, त्याच्यावर ऑईलचाच हात फिरला, तरी लावलं.

मग मी उजव्याच्या चाकाला पाना लावला. हलंना. पान्याला लोखंडी पाईप घातला आन् अंगाचा भार टाकला. हलंना. येडूबी लटकला. आमी दोघं म्हातारं पाईपाला लोंबकळलो तरी ते इंजन ढिम्म.

“धरलं,” हेमा म्हणली. एका दिसाच्या उन्हात आतल्या पिष्टनांस्नी गंज धरला व्हता. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. नोझलांच्या भोकांतनं राकेल आन् डिझेल मिसळून ओतलं, आन् हात पुसत म्हणली, “मुरू दे.”

बेस्तरवार गेला, शुक्रवार गेला. सकाळी राकेल ओतायचं, पान्याचा दांडा दाबायचा, सोडायचा, उलट्या अंगानं दाबायचा, सोडायचा. जोर करायचा न्हाय, जोर केला की आत मोडतं, असं गुरुनं सांगितल्यालं. त्या अडचणीच्या जागंत एकच माणूस मावतं, तेबी गुडघं हनवटीला लावून. हेमा तासतासभर तशी बसायची. तळहात सोलपटलं. भाकरी करताना पीठ झोंबायचं म्हणून बजाबाईनं तिला चुलीपसनं उठवलं.

मधल्या टायमाला आमी शेपटं बघितली. खालचा आटा खोलला की डाव्यातनं काळं चोख ऑईल आलं, उजव्यातनं दुधाळ, म्हंजी पाणी शिरल्यालं. आतलं सील गेल्यालं. गुरुनं माप सांगितलं, आन् त्या मापाचं सील मी फटफटीवर जाऊन मोहोळच्या ट्रॅक्टरच्या दुकानातनं आणलं. बसवलं. मग मी ऑईलची बाटली घिऊन वरच्या भोकातनं ओतायला लागलो.

“मामा, खालनं भरायचं.”

“खालनं? कळशी कोण खालनं भरतं?”

“वरनं ओतलं की आत हवा ऱ्हाती. खालनं पंपानं चढवायचं, वरच्या भोकातनं भाईर आलं की भरलं.”

म्हणजी हितंबी उलटंच. मी पंप मारला. वरच्या भोकातनं ऑईल आलं. ह्या बोटीत सरळ असं एक काम न्हाय.

पर माझ्या डोक्यात इंजनापेक्षा दुसराच घोळ चालला व्हता. हेमा बिघडायला लागली व्हती. शुक्रवारी जेवताना इचारती, “आत्या, मी आमटीत मीठ घातलं का?” बजाबाई म्हणली, “घातलंस, दोनदा घातलंस.” ती चेष्टा व्हती, पर हेमाचा चेहरा उतरला. रस्त्यातनं माघारी जाऊन ती गॅस बघायची, परत निघायची, परत माघारी. बोटीत तर बूच लावल्यालं असायचं, पोरगी हात घालून चाचपायची, वर यायची, पायरी उतरायची आन् फिरून परत चाचपायला जायची. मी मोजलं न्हाय. मोजायला धीर झाला न्हाय.

एकदा म्हणली, “मामा, मी बूच काढताना मला दिसतच न्हाय हो. धुतल्यालं आठवतंय, बादली आठवतीया, पदर खोचल्याला आठवतोय. बूच काढल्यालं काय केल्या आठवत न्हाय. असं कसं हुतंय? माझ्या आज्जीला म्हातारपणी असंच इसरायला लागलं व्हतं. मला आत्ताच लागलं का?”

मी म्हणलं, “हुतं कवातरी.”

हुतं कवातरी! मेल्या तोंडाला दुसरं काय सुचलं न्हाय. घरामागं जाऊन मी सोताच्या थोबाडीत मारून घेतली, कोंबड्यांनी तेवढी बघितली. आज सांगू, उद्या सांगू करता करता ते सांगणं जड हुत गेलं. मंगळवारी ती एका बुचाची चूक व्हती. शुक्रवारपातूर ती कशाची झाली ह्याचा मला थांगच लागंना. आन् सांगितलं तर ती बोट सोडून जाईल का? न्हाय सांगितलं तर जाईल का? दोन्हीकडनं इचार केला की दोन्हीकडनं डोकं गरगरायचं.

शनिवारी चार वाजता दांड्याखाली कुरकुर झाली. हेमा आतनं वरडली, “हाललं! मामा, हाललं!” ईतभर. मग उलट्या अंगानं तेवढंच. राकेल, डिझेल, दांडा. दिस कलताना चाक सबंध एक फेरा फिरलं आन् ती घामानं निथळत तशीच इंजनावर डोकं टेकून बसली. तिच्या केसाला काळं ऑईल लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवं इंजनबी लागलं. पयल्यांदा ठकठक करत व्हतं, ऑईल बदलल्यावर जरा गप झालं.

नऊच्या गाडीनं अभिमन्यू जेऊरला उतरला, रिक्षानं वस्तीवर आला. अंगात इस्तरीचा शर्ट. बोट पाण्यात सोडली व्हती. तो बजाबाईच्या शेजारी काठावर हुबा ऱ्हायला. मी आन् हेमा बोटीत. तिनं वाकून बूच चाचपलं. किल्ली फिरवली. डावं लागलं, उजवं लागलं. दोन्ही शेपटं खाली सोडली, पाणी घुसळलं, आन् बोट सरळ रेघंत गेली आन् सरळ रेघंत वळून आली. येडूनं शिट्टी मारली. मला वाटलं, सुटलो. देवा, आता न सांगताच सुटलो.

काठाला आल्यावर हेमानं इंजनं बंद केली. किल्ली काढली आन् नवऱ्यापुढं धरली.

“घ्या. चला, मी येते सोलापूरला.”

अभिमन्यूच गडबडला. “आगं पर चालली की बोट.”

“बोट चालली. माझं काय? उद्या बारा माणसं आत बसली आन् मी बूच इसरले तर? शाळंच्या बाई हायत, त्यांचं तान्हं पोर असतंय. मला माझाच भरवसा ऱ्हायला न्हाय हो. कापडं बांधल्यात मी.”

ती रडत न्हवती. नुसतं सांगत व्हती. बजाबाईनंच पदर तोंडाला लावला. अभिमन्यूला पायजे व्हतं ते मिळालं व्हतं, पर त्याचाबी हात किल्लीकडं जाईना.

मी म्हणलं, “बूच मी काढलं.”

कुणी ऐकलंच न्हाय. का ऐकलं पर कळलं न्हाय. मी परत म्हणलं, जरा मोठ्यानं. “सोमवारी तिन्हीसांजंला. जेऊरहून आलो तवा. धुण्याचं पाणी साचलं व्हतं. मी काढलं आन् बाकड्यावर ठिवलं. तू हात लावला न्हवतास, हेमा. तुला आठवत न्हाय कारण ते झालंच न्हाय.”

हेमा माझ्याकडं बघत ऱ्हायली. “तुमी?”

“व्हय.”

“आन् मंगळवारी तुमी हितं हुबं व्हता.”

“व्हय.”

“आन् मी मीठ इचारत व्हते. गॅस बघत व्हते. आज्जीचं बोलले तुमाला.”

“व्हय, पोरी.”

“सा दिस, मामा! सा दिस मला येडी केली तुमी!” मग कानडी सुरू झाली. ती देवाची न्हवती, एवढं मला कळलं. बाकड्यावरचा पाना उचलून तिनं इंजनाच्या झाकणावर असा हाणला की फायबरचा टवका उडाला. अभिमन्यू “आबा, तुमी…” म्हणला. बूच इसरलीस म्हणून त्यानं बायकोला काय काय ऐकवलं व्हतं, ते त्याला आठवलं असणार. तो बुटांकडं बघायला लागला.

“उतरा खाली,” हेमा म्हणली.

मी उतरलो. गुडघाभर गाळात पाय गेलं. पायतान एक आतच ऱ्हायलं. हात द्यायला कुणी आलं न्हाय, आन् यायचं कारणबी न्हवतं.

तिनं किल्ली लावली. खाली वाकली न्हाय, काय चाचपलं न्हाय. दोन्ही इंजनं लागली आन् ती एकटीच बोट घिऊन निघाली. पार मधी गेली, जितं आमच्या जुन्या गावाचं देऊळ पाण्याखाली हाय म्हणत्यात तितपातूर. तितं बोट थांबली. लांबनं नुसता ठिपका दिसत व्हता. अभिमन्यू म्हणला, “आबा, ती काय करायलीय तितं?” मी म्हणलं, “मला काय ठावं?” खरंच मला ठावं न्हवतं. येऊन कापडाचं गाठुडं उचलंल का माझं टकुरं फोडंल, का दोन्ही करंल, काय कळायला मार्ग न्हवता. ऊन चढलं. आमी चौघं मेंढरांवानी काठावर हुबं.

अर्ध्या तासानं बोट वळली. जवळ आली तशी तिनं इंजनं हळू केली, शेपटं वर घेतली, आन् दोराचं वेटोळं उचललं.

“तुमी संध्याकाळच्या गाडीनं जावा,” ती नवऱ्याला म्हणली. “उद्या सात वाजता शाळंच्या बाईला पलीकडं सोडायचंय मला.”

अभिमन्यूनं मान डोलावली. एवढी गरीब मान त्यानं माझ्यापुढं कधी डोलावली न्हाय.

मी गाळात पुढं सरलो. बोट काठाला लागताना दोर मीच धरतो, चार वरसं मीच धरत आलोय. एका पायात पायतान, दोन्ही हात वर करून मी हुबा ऱ्हायलो. हेमानं माझ्याकडं बघितलं. चांगलं बघितलं, डोळ्याला डोळा लावून.

आन् दोर तिनं येडूकडं टाकला.

लागलं मला. लई लागलं. पर गाठुडं सोडायला बजाबाई घराकडं पळाली ते मी बघितलं, आन् हात खाली घ्यायचं मला उशिरानं सुचलं.